जीप भरली की वेळ झाली

नाही, तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठं? लिंक उघडा, वेळ निवडा, वेळेवर या. तीन गोष्टी! यात अवघड काय आहे, सांगा! पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, एसटी स्टँडच्या खांबाला चिकटवलं होतं, पिठाच्या गिरणीवर लावलं होतं, आणि तरी आज जाफराबादमध्ये माणसं मला भर रस्त्यात थांबवतात आणि विचारतात, "काय इंजिनेर, किती वाजले?" आणि हसतात हो!

मी चार वर्षं बंगळूरला शिकलो. तिथली नोकरी सोडून परत आलो. कशासाठी? तर आपल्या तालुक्यासाठी काहीतरी करायचं म्हणून. हसू नका. दोन हजार नऊ साली तालुक्याला काय हवंय असं मला कुणी विचारलं असतं, तर मी झोपेतून उठून सांगितलं असतं... शिस्त! वेळेची शिस्त! बाकी सगळं आहे आपल्याकडं.

आता विषय काय होता ते ऐका. औरंगाबादहून डॉक्टर अरुंधती मॅडम यायच्या, डोळ्यांच्या. महिन्याच्या पहिल्या बुधवारी, इथल्या मंगल कार्यालयात, वधूपक्षाच्या खोलीत. बाहेर 'वधूपक्ष' अशी पाटी आणि आत डोळ्यांचं मशीन. आणि गर्दी? एका बुधवारी दीडशे माणूस एकदम आत शिरला! दाराची कडी तुटली, एक आजोबा मॅडमच्या खुर्चीत बसले, आणि मॅडम उभ्या राहून मला म्हणाल्या, "धर्मराज, मी पुढच्या महिन्यात शेवटचं येते. एकेक माणूस वेळेवर आला, तरच त्यानंतरही येईन. नाहीतर इथलं बंद."

बंद! तुम्हाला सांगतो, मला ते परवडणारंच नव्हतं. कारण माझी आई, चतुराबाई. तिचा डावा डोळा काचबिंदूनं कधीच गेलाय. उजव्या डोळ्याचा दाब मॅडम दर महिन्याला बघतात, थेंब बदलतात, त्यावर तो टिकून आहे. आणि आई औरंगाबादला जायला बिलकुल तयार नाही. "तिथं गेलं का ऑपरेशनच करतेत. इथं बाई बघती ते बराबर हाय." म्हणजे मॅडम बंद, तर डोळा बंद! एवढं सरळ गणित होतं.

मी म्हटलं, "मॅडम, माझ्यावर सोडा."

इंटरनेटवर एक सोय असते. आपण एक पान तयार करायचं, त्यावर मोकळ्या वेळा टाकायच्या, ज्याला जी हवी ती तो निवडतो, आणि निवडली की ती दुसऱ्याला दिसत नाही. किती सुंदर! धक्का नाही, वशिला नाही, 'मी साहेबाचा माणूस' नाही. दहा ते चार, मध्ये अर्धा तास जेवण, पंधरा-पंधरा मिनिटांच्या बावीस वेळा. लिंक उघडा, वेळ निवडा, वेळेवर या! ज्यांच्याकडं कॉम्प्युटर नाही, म्हणजे सगळ्यांनी, मच्छिंद्रच्या नेट कॅफेत जायचं. मच्छिंद्र माझा शाळेतला दोस्त. त्याला मी दोन दिवस शिकवलं. तो म्हणाला, "समजलं. मावशीची पहिली टाकू का?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "नाही! आधी लोक. आपल्याच आईला पहिली वेळ दिली, तर माझ्यात आणि पुढाऱ्यात फरक काय राहिला?"

मच्छिंद्र माझ्याकडं असा बघायला लागला, जसा नवरदेव पळून गेलेल्या लग्नात बँडवाला मंडपाकडं बघतो.

सोमवारी सकाळी लिंक सुरू झाली आणि दहा वाजता लाइट गेली. मी घरी येरझाऱ्या घालतोय. लाइट आली चारला. धावत कॅफेत गेलो, पान उघडलं... बावीसपैकी बावीस भरलेल्या! अहो, मी मच्छिंद्रला मिठी मारली! म्हटलं, झालं! कोण म्हणतं आपल्या लोकांना वेळेची किंमत नाही?

घरी आलो तर आई भाकरी थापत होती. तव्याकडं बघून विचारते, "माझा नंबर कितवा रे?"

चपला पायातच होत्या.

परत कॅफेत. नावं नीट वाचली. दहा वाजता: कचरू, हसनाबाद. सव्वादहा: कचरू, हसनाबाद. साडेदहा: कचरूसोबतचा. पावणेअकरा: सगुणाबाई. अकरा: सगुणाबाईच्या शेजारचा. सव्वाअकरा: नाव मागून कळवू! असे सलग अकरा, आणि त्याच्याखाली बद्रीनाथ, बद्रीनाथ, बद्रीनाथ...

कचरूभाऊ म्हणजे हसनाबादहून जीप आणणारे. बद्रीनाथ म्हणजे दुसरी जीप. मी तडक स्टँडवर गेलो. कचरूभाऊ बॉनेटवर बसून पान लावत होते.

"कचरूभाऊ, तुमच्या डोळ्यांना काय झालंय?"

"मला? मला काय धाड भरलीय? सुई ओवून दाखवू का?"

"मग अकरा वेळा कशाला घेतल्या?"

"रुमाल टाकून ठेवला."

तुम्हाला सांगायला नको. एसटी स्टँडात आली की माणूस आत चढायच्या आधी खिडकीतून रुमाल आत जातो, आणि रुमाल पडला की ती शीट त्याची, मग तो खाली उभा राहून निवांत चहा पिऊ शकतो. तो रुमाल यांनी माझ्या इंटरनेटवर टाकला होता!

"अन अकराच कामून घेतल्या म्हणशील तर," कचरूभाऊ मला समजावतायत, "जीपमधी बसतेत अकरा. म्या सकाळपासून हाळी देऊन राह्यलो... डोळे दाखवायचेत का, चला, बाईची वेळ आपल्याकडं हाय!"

"पण भाऊ, एकाची वेळ दहाची आहे, एकाची साडेबाराची. ते एकत्र कसे येतील?"

"मंग काय येगयेगळे येतेन? जीप एकच हाय ना."

"दहाचा माणूस दहाला पोचायला पाहिजे!"

"जीप भरली की निघंल." आणि हात झटकला. बोलणं संपलं!

लिंक उघडली होती. वेळ निवडली होती. वेळेवर या, एवढंच राहिलं होतं, आणि ते माझ्या हातात नव्हतं, मॅडमच्या नव्हतं, ते होतं हसनाबादच्या अकराव्या माणसाच्या हातात! तो अजून आंघोळीला गेला नसेल तर? म्हैस व्यायली तर?

मी म्हटलं, "भाऊ, एक वेळ सोडा. आईसाठी."

कचरूभाऊंनी पान तोंडातच थांबवलं. "चतुरामावशीला न्हाई भेटली? तुझ्याच लिंकमधी? अरं मंग आधी न्हाई का सांगायचं!... पर आता अकरा मानसांला जबान देऊन बसलो. सगुणाबाईला रस्ता दिसत न्हाई, तिचा भाचा हात धरून आणतो. कुनाला उतरवू? तू सांग. तू म्हनशील त्याला उतरवतो."

मी सांगू? मी?

तुम्हाला खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी मच्छिंद्रच्या कॉम्प्युटरपुढं बसलो होतो. पान माझं होतं. कुठलंही नाव मी खोडू शकत होतो, एक बटण, कुणाला कळलं नसतं. बाण सगुणाबाईच्या नावावर नेला. मग 'सगुणाबाईच्या शेजारचा' वर नेला. म्हटलं, याला नावसुद्धा नाही, याचं काय बिघडेल? मच्छिंद्र मागून म्हणतो, "दाब ना!" आणि नाही दाबलं हो. शेजारचा झाला म्हणून काय झालं, त्यालाही दोनच डोळे असतील!

बुधवार उजाडला. मॅडम पावणेदहाला हजर. मी हातात छापील यादी घेऊन दारात. दहा वाजले. कुणी नाही. सव्वादहा. कुणी नाही. मॅडम घड्याळ बघतायत, मी रस्ता बघतोय, आणि रस्त्यावर एक शेळी. साडेदहा.

"धर्मराज, दहाचे कोण आहेत?"

"येतील मॅडम... निघालेत... म्हणजे भरली की निघतील."

"काय भरली की?"

मी यादी उलटून मागची कोरी बाजू वाचायला लागलो.

"आणि या कोण?" मॅडमनी बोट केलं. मंडपाच्या खांबाला टेकून आई बसली होती. साडेसहापासून! पिशवीत भाकरी, बाजूला चपला. मी नको म्हटलं होतं. म्हणाली होती, "मी बसते की नुसती. बसायला तुझी लिंक लागती का?"

आणि मी, तुम्हाला सांगतो, मी, तिच्या पोटचा, यादीकडं बघून काय म्हणालो? "मॅडम, त्यांची वेळ नाहीये."

मॅडमनी माझ्या हातातली यादी काढून घेतली. मग म्हणाल्या, "वेळ नाही, पण माणूस आहे ना? या आजी, आत या."

पाऊण तास! दर महिन्याला गर्दीत तीन मिनिटं मिळायची, त्या दिवशी पाऊण तास बघितलं. अंधार करून, मशीन लावून, पुन्हा दाब मोजून. दार उघडलं तेव्हा मॅडमचा चेहरा बदलला होता. "दाब फार वाढलाय. पुढच्या महिन्यापर्यंत हा डोळा राहिला नसता. चार वाजता माझ्या गाडीतून माझ्यासोबत येतील, आजच लेसर करते." मी आईकडं बघितलं. म्हटलं, आता औरंगाबाद म्हटल्यावर रडणार. आई म्हणाली, "बाई, तुमच्या गाडीत मला पुढं बसू द्यान ना?"

आणि तेवढ्यात हॉर्न! कचरूभाऊ! अकरा आत, चार मागं लटकलेले, आणि त्यांच्या मागं धुरळ्यात बद्रीनाथची जीप! सगळे एकदम दाराकडं! मी हात पसरून उभा. "दहाचे कोण? सव्वादहाचे कोण?"

"आमी समदे!"

दुरुस्त केलेली कडी वाजायला लागली. मला वाटलं, संपलं. मॅडम आत पर्स आवरतायत. इतक्यात कचरूभाऊ ओरडले, "ए! थांबा! जीपमधी जसे बसल्ते तसे बसा! पुढची शीट आधी, मंग मधली, मंग मागची! लटकलेले शेवटी! बद्रीनाथ, तुझे माझ्यामागं!"

आणि बसले हो! दोन मिनिटांत, सतरंजीवर, शीटप्रमाणं! कोण कोणाच्या आधी यावर एक शब्द नाही, कारण शीट कुणाची हे सकाळीच ठरलेलं होतं. एक झाला की पुढचा उठतो. मॅडमनी दुपारचं जेवण उभ्यानं केलं, पण साडेतीनला शेवटचा लटकलेला तपासून झाला. जाताना मला म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात नक्की येते. हे गृहस्थ कोण? त्यांचा फोन नंबर द्या मला."

त्यांचा! माझ्या यादीचा कागद त्यांनी भाकरीखाली घेतला होता.

आईचा डोळा वाचला. तीच आता मला पायरी दाखवते, "हळू, तुझं ध्यान नसतं." मॅडम येतात. आधी जाफराबादचे बघतात, जीप आली की जीपचे, शीटप्रमाणं. आणि लिंक? चालू आहे ना! दर महिन्याला बावीसच्या बावीस भरलेल्या असतात. कचरूभाऊच भरतात. विचारलं तर म्हणतात, "रिकामी ठेवली तर तुला वाईट वाटंल."

एकवीसच भरतात खरं तर. पावणेचारची माझी असते. डोळे चांगले आहेत माझे, कुणाला दाखवायचे नाहीत. पण सोमवारी सकाळी मच्छिंद्रकडं जातो, लिंक उघडतो, वेळ निवडतो... आपलं राहू द्यावं म्हणून. रुमाल टाकून ठेवून राह्यलो.