न धुतलेला कप

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेला तो माणूस पोलिसांच्या प्रयोगशाळेत बोटांचे ठसे तपासायचा. भिंतीवरच्या टीव्हीवर खुनाच्या तपासाची मालिका चालू होती. शेजारी दोघीजणी बोलत होत्या.

“बघा, कपावरचा ठसा मिळाला अन् लगेच खुनी हजर!”

“आमच्या भाऊजींचा खून झाला, तेव्हाही कपच होते. आलेल्या माणसाला त्यांनीच चहा दिला होता.”

“अगं बाई! मग?”

“पोलिसांनी घाईत भाऊजींचाच कप नेला. त्या माणसाचा तसाच टेबलावर राहिला.”

“सांगितलं नाही त्यांना?”

“चार खेपा घातल्या. आधी नेलेल्याचा रिपोर्ट येऊ दे, म्हणतात.”

“किती दिवस झाले?”

“तीन वर्षं होतील आता. सासूबाई त्या कपाला हात लावू देत नाहीत. रोज ही मालिका बघतात आणि म्हणतात, उद्या येतील गं न्यायला.”

“पण इतकी वर्षं ठसा राहतो का?”

“देव जाणे. काय हो दादा, राहतो का?”

त्याने गालावरचा हात काढला.

“राहतो. झाकून ठेवा फक्त.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“मालिकेत बघितलं.”