राखेत पुरलेलं क्लच हाउसिंग

माझं माहेर दोडामार्गाकडचं, शिक्षण चौथी, आणि लग्न होऊन आले ती सर्वणला. गोवा मुक्त झाल्यावर इकडे खाणी वाढल्या, ट्रक वाढले, आणि आमच्या ह्यांनी डिचोलीच्या रस्त्यावर गॅस वेल्डिंगचं दुकान टाकलं. पण काळा चष्मा लावायचा ह्यांना कंटाळा, किती सांगितलं, ऐकतील तर शपथ, आणि शेवटी डोळे गेले. उजेड-अंधार तेवढा कळायचा. मग टॉर्च, म्हणजे गॅसची ज्योत निघते ती नळी, मी धरली. हे स्टुलावर बसून सांगायचे, मी करायची.

लोक तोंडावर काही बोलायचे नाहीत, गाड्या मात्र दुसरीकडे न्यायचे. माझी सासू, माई, ती तोंडावर बोलायची. बाईमाणसान भाकरी भाजूची, लोखंड नाय. मी म्हणायची, पीठ कुठून आणू ते सांगा.

दुकान बंद पडायच्या बेताला आलं तेव्हा गुणो आला. एकच ट्रक, मालक तोच, ड्रायव्हर तोच. त्याच्या ट्रकाचं क्लच हाउसिंग तडकलेलं, म्हणजे क्लच ज्याच्यात बसतो ते मोठ्या घमेल्यासारखं, ओतीव अल्युमिनियमचं. म्हणाला, वयनी, दसऱ्याक गाडी खाणीर लागाक व्हयी, नायतर माझो नंबर दुसऱ्याक जातलो. मी म्हटलं, ठेव. आतून मला ठाऊक होतं, हे जमलं तर दुकान राहील, फसलं तर बाईचं वेल्डिंग म्हणून हसतील आणि कुलूप लागेल.

काय सांगू तुम्हाला, अल्युमिनियम फसवं. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं, हे काहीच सांगत नाही, एकदम खाली गळतं. म्हणून त्याला कपड्यांचा साबण घासायचा, साबण तपकिरी झाला की जोडाची सळी ज्योतीत वितळवून लावायची, काळा झाला तर हात आवरायचा. जोड झाला की लगेच उघड्यावर ठेवायचं नाही, भाताच्या तुसाच्या राखेत पुरायचं, म्हणजे सावकाश निवतं. तसं सगळं केलं, पुरलं, आणि जेवायला गेले.

त्या दिवशी खंडेनवमी, दसरा उद्यावर. माईने दुकानात हत्यारं ओळीने मांडली, कानस, ड्रिल, हातोडा, फुलं वाहिली, आंब्याच्या पानाने पाणी शिंपडत चालली. राखेतलं हाउसिंग दिसलं, तिला वाटलं ह्या गरिबालाच का वगळा, वरची राख बाजूला केली आणि शिंपडलं पाणी. टक्क. मी जेवता जेवता ऐकलं. ह्यांनी विचारलं, फुटलं काय गो? मी म्हटलं, फुटलं. जोडाच्या बाजूनेच नवा तडा, पार काठापर्यंत.

मी माईला काय काय बोलले ते लिहू नका.

आणि पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, आमच्याकडे नियम म्हणजे नियम. मी डोक्याला हात लावून बसले. माई उभीच होती पान घेऊन. मग म्हणाली, अगो, टॉर्चीक पाणी पोचलाच नाय. ती अजून पुजूक नाय. उचल ती.

हे स्टुलावर हसायलाच लागले. मी म्हटलं, तडा खरवडायला कानस लागते, ती पुजलीत. माई घरात गेली आणि नारळ खवायची आदोळी घेऊन आली. म्हणाली, ही पण पुजूची रवली. आदोळीच्या दात्यांनी तडा खरवडला, अल्युमिनियम मऊ असतं म्हणून जमलं, परत साबण, परत सळी, परत राख. ह्या खेपेला माई राखेपाशी पाट टाकून बसली, मांजरालाही येऊ देईना. उरलेली साबणाची वडी मी घरात न्यायला उचलली, तर म्हणाली, घरात नेव नको, ती हयच लागतली.

दसऱ्याला गुणोचा ट्रक झेंडूच्या माळा घालून खाणीवर गेला. मोसम संपेपर्यंत जोड उकलला नाही. मग खाणीच्या रांगेतले दुसरे ट्रकवालेही यायला लागले, वयनी, माझा पण बघ.

माई गेली, हेही गेले. खाणी बंद पडल्या, परत चालू झाल्या, आता पूर्वीसारखं नाही. मुलाने वेल्डिंगचं आर्गन गॅसवालं नवं मशीन घेतलंय. मोरजीला पर्यटक भाड्याच्या मोटरसायकली आपटतात, त्यांची इंजिनाची कव्हरं जोडायला येतात, त्यावर बरं चाललंय. मी बाहेर बसते, कोण चुकतंय ते बघते. तुम्ही गाडी सावकाश चालवा. देव तुमची हाडं सांभाळो, ती आमच्याकडे जोडून मिळत नाहीत.