खाली काय लिहिलंय

सून: पडदा ओढू का बाबा? बसलात नीट?

सासरे: ओढ. आणि मला जरा तिरकं होऊ दे. सरळ बघितलं की मधोमध नुसता डाग. कडेनं बघितलं की माणसं दिसतात.

सून: तीन वर्षं शेजारी बसून पिक्चरखालच्या ओळी वाचून दाखवतेय, आणि मलाच सांगताय होय? ही उशी घ्या पाठीला. स्वयंपाकघराची खोकी तशीच पडलीत माझी. उद्या सकाळी टेम्पो दारात येईल आणि मी इथं गुंडांची भांडणं वाचत बसलेय.

सासरे: शेवटचाच गं. उद्यापासून तुम्ही दोघं तिकडे कंपनीच्या क्वार्टर्समध्ये, मी लेकीकडे. तिथं कोण वाचणार मला? लेकीला वेळ नाही, आणि जावईबापू टोमॅटोचा रस सांडला तरी डोळे मिटून घेतात.

सून: आणि तेच उद्या तुम्हाला न्यायला येणार आहेत. बरं, एवढं आहे तर नवा बघू या ना. हा बघितलेला आहे आपण. पहिलावहिला कोरियन.

सासरे: म्हणूनच. त्यातलं एक वाक्य मला जाताना पुन्हा ऐकायचंय. लाव तू.

सून: लावला. हं, आला बघा जिन्यावरून.

सासरे: आहाहा! कोट बघ, कोट! खांदा कसा बसलाय. हात वर केला, तरी कॉलर मानेला धरून आहे.

सून: बाबा, जिन्याखाली पाचपन्नास माणसं काठ्या घेऊन उभी आहेत त्याला मारायला.

सासरे: असू देत. मारू देत. जन्म गेला माझा कोट शिवण्यात, पण कोट घालून जिनाभर मारामारी करील असं गिऱ्हाईक काही मिळालं नाही. एवढी झटापट, आणि काखेत एक टाका उसवत नाही!

सून: बरं झालं नाही मिळालं. रक्ताचे डाग काढून द्या म्हणाला असता.

सासरे: हसतेस काय? माझ्या अंगावर काटा आलाय, हात लावून बघ. हातात बंदूक नाही, बिंदूक नाही. सापडेल ते घ्यायचं आणि भिडायचं. आणि टोळीचा मालक आला की हेच वाघ कमरेत वाकतात, जमिनीकडे बघत. तोंडातून शब्द नाही. आपल्या पिक्चरमध्ये मरणारा माणूस पाऊण तास बोलतो.

सून: आणि गाणंही म्हणतो.

सासरे: हे नाही म्हणत. चूक झाली तर येतो, समोर उभा राहतो. करा काय करायचं ते. किती वाईट माणसं गं ही! खून करतात, घरं जाळतात. पण फुकट कुणी सुटत नाही त्यांच्यात, आणि ते स्वतःही फुकट सुटू बघत नाहीत. बघताना मला देवळात उभं असल्यासारखं वाटतं. असं म्हणू नये, पण वाटतं.

सून: मला त्यांचं जेवण बघवत नाही. उद्या ज्याला मारायचं, त्याच्याच ताटात आज मांसाचा चांगला तुकडा वाढतात. आणि तरी नजर हलत नाही.

सासरे: नाहीच हलणार. तो वाढतो ना, ते खोटं नसतं. प्रेम खरंच असतं त्याचं.

सून: तेच तर.

सासरे: श्श. आता बोलू नकोस. हॉटेलची मागची खोली आली ना? मालक खुर्चीत, आणि त्यानं वाढवलेला तो पोरगा दारात?

सून: हो. पोरगा दारातच उभा आहे. 'मालक, गाडी खाली उभी आहे.'

सासरे: हं. पुढे?

सून: पुढे वाकला. मालक उठला, आणि…

सासरे: थांबव. थांबव आधी.

सून: काय झालं? डोळ्याला काही होतंय का?

सासरे: हे नव्हतं इथं. इथं तो पोरगा म्हणतो, 'तुमच्यासारखा हात मला सात जन्मांत यायचा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून गेलो. तुमच्यावर रागावून नाही गेलो.' अक्षर न् अक्षर पाठ आहे मला.

सून: दुसऱ्या एखाद्या पिक्चरमधलं असेल बाबा. इतके बघितले आपण.

सासरे: डोळे गेलेत गं माझे, कान शाबूत आहेत. ह्याच खोलीत, ह्याच दारात. अंथरुणावर पडलो की रोज म्हणतो मी ते मनाशी. तेव्हाही एकदा वाटलं होतं, पोरानं तोंड हलवलं एवढंसं, आणि तू बोललीस केवढं! म्हटलं, असेल बाबा, कोरियन भाषाच घट्ट विणीची असेल.

सून: उशी सरकली बघा तुमची.

सासरे: उशीचं राहू दे. बोल.

सून: बाबा, ते माझं होतं. म्हणजे माझंही नाही. ह्यांचं होतं.

सासरे: कुणाचं?

सून: तुमच्या मुलाचं. त्याच दिवशी सकाळी मी ह्यांना विचारलं होतं. म्हटलं, एका घरात राहता, गॅस संपला, पाणी आलं, हेसुद्धा बापलेक माझ्यामार्फत सांगता. असं झालं तरी काय होतं? तेव्हा हे बोलले. तुम्ही भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, ह्यांनी शिवलेल्या पहिल्या कोटाची बाही उसवलीत म्हणाले. मग ते वाक्य म्हणाले. मी म्हटलं, हे बाबांना जाऊन सांगा. तर उठून कामावर गेले.

सासरे: आणि तू ते त्या गुंडाच्या तोंडात घातलंस.

सून: तो दारात उभा राहिलेला दिसला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. नंतर विसरूनही गेले. आज आपलं जे लिहिलंय ते वाचलं. चुकलंच माझं.

सासरे: अगं, बाही उसवली म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नाही?

सून: काय म्हणजे?

सासरे: माझ्या उस्तादांनी माझ्या बाह्या किती वेळा उसवल्या, मोजदाद नाही. सगळ्यांसमोर. पहिल्यांदा उसवली तेव्हा मी घरी जाऊन आईला आनंदानं सांगितलं होतं. ज्याच्यात काही नाही, त्याचं काम कोण उसवत बसतंय? त्याला काजं करायला बसवतात, जन्मभर. उसवलं म्हणजे हा आता माझा. ह्याला मी घडवणार.

सून: हे सांगितलंत ह्यांना?

सासरे: त्यात सांगायचं काय? शिंप्याचा मुलगा तो! मला वाटलं, त्याला ठाऊकच असणार. तो दुसऱ्या दिवशी आला नाही. मला वाटलं, त्याला दुकानाचीच लाज वाटते. मग मीही नाही विचारलं.

सून: बाबा, तुम्ही दोघंही कोरियनच आहात.

सासरे: तीन वर्षं मी त्या परक्या गुंडासाठी जीव टाकत होतो गं. म्हणायचो, काय पोरगा आहे, त्याच्या बापाचं नशीब! आणि तो इकडे भिंतीपलीकडे झोपला होता.

सून: डोळे पुसा. थेंब घालायचेत अजून.

सासरे: खरं सांग, तिथं दुसरं काही नाही लिहिलेलं? नुसती गाडी उभी आहे?

सून: तेवढंच. मग तो वाकतो. मालक त्याची कॉलर सारखी करतो. संपलं.

सासरे: आणि पुढे हाच पोरगा मालकासाठी पोटात सुरा घेतो! पोटात एवढं सगळं ठेवून तोंडानं म्हणाला काय, तर गाडी उभी आहे. बाप रे. बाप रे बाप! हे तर तुझ्या वाक्याहून मोठं निघालं.

मुलगा: अगं, चिकटपट्टी कुठं ठेवलीस? सापडेना मला.

सून: ही काय, इथंच. अहो, ऐका ना. माझी खोकी राहिलीत. तुम्ही वाचा जरा बाबांना.

मुलगा: मी? नको. बाबांना विचार, बंद करू का म्हणून.

सून: ते समोर बसलेत, तुम्हीच विचारा. माझं ह्या घरातलं पोस्टमनचं काम आजपासून बंद.

(ती स्वयंपाकघरात जाते. तो चिकटपट्टी हातात घेऊन दारातच उभा.)

सासरे: लाव. पोरगा दारात येतो तिथपासून.

मुलगा: हं. 'मालक, गाडी खाली उभी आहे.'

सासरे: मग?

मुलगा: मग काही नाही. वाकलाय.

सासरे: आणि मालक?

मुलगा: त्याची कॉलर सारखी करतोय.

सासरे: खाली काय लिहिलंय?

मुलगा: काहीच नाही लिहिलेलं, बाबा.

सासरे: लिहायचं राहिलं असेल त्यांचं. मी सांगतो. 'तुझा खांदा बरोबर बसला होता. बाही तेवढी नखभर फिरली होती. मी कुणाचीही बाही उसवत नाही. एवढ्या वर्षांत एकाचीच उसवली.'

मुलगा: हे पिक्चरमध्ये नाहीये.

सासरे: नाही. आता काय चाललंय? मला दिसत नाही. काय करतोय तो?

मुलगा: उभाच आहे.

सासरे: उभा का? बसू दे म्हणावं. खुर्ची आहे की इथं.

मुलगा: बाबा, भावजींना फोन करतो, उद्या येऊ नका म्हणून. तुम्हाला ताईकडे मीच सोडेन. सकाळी गाडी खाली उभी असेल.