तीन थॉमस रीस

...आणि एक नाही, दोन नाही, तीन थॉमस रीस! एकाखाली एक, सारख्याच अक्षरात कोरलेले. ऐंशी वर्षांपूर्वी घोटाळा झाला तो झाला, आता दगडातसुद्धा तोच करून ठेवायचा? हे मी आत स्वयंपाकघरात बोलत होते, किटल्या भरता भरता. तेवढ्यात माझं नाव पुकारलं, म्हणून तेच तोंडात घेऊन बाहेर आले. रीतीनं सुरुवात करते.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या गाव समितीचे प्रमुख माननीय एमरिस रीस, एवढ्या पावसात घाट चढून आलेल्या जिल्हा कौन्सिलच्या श्रीमती लॉइड, चॅपलचे पाद्रीसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते टेकाड सुधारण्याच्या योजनेचे साहेब श्री. कॉलिन व्हिटकर, आणि समोर बसलेल्या नांतहेलिगच्या माझ्या माणसांनो, खाणीत उतरलेल्यांनो आणि खाण बंद झाल्यावर जन्मलेल्यांनो, सगळ्यांना माझा नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनाही. खुर्च्या कमी पडल्या, केक कमी पडणार नाहीत.

मी मेन्ना प्रॉसर. या खाणकामगारांच्या हॉलचं स्वयंपाकघर एकवीस वर्षं सांभाळते. पंधराव्या वर्षी शाळा सोडली, त्यामुळे हे भाषण लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. समितीनं सांगितलं, पाच मिनिटं बोल आणि गोड बोल. गोड आहे ते तव्यावरच्या केकमध्ये घातलंय.

कॉलिनसाहेब, आधी तुमच्याबद्दल.

सात वर्षांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा आमचं टेकाड काळं होतं. कोळशाच्या खाणीतून शंभर वर्षं उपसलेली घाण रचून रचून झालेला डोंगर तो. आम्ही त्याच्या सावलीत कपडे वाळत घातले आणि राखाडी झालेले परत आत आणले. ओढ्याचं पाणी शाईसारखं. माझ्या लहानपणी चित्रकलेच्या तासाला बाईंनी नदी काढायला सांगितली, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी काळा खडू घेतला होता. बाई इंग्लंडातून नवीन आल्या होत्या. त्यांना वाटलं, आम्ही चेष्टा करतोय.

आज त्या टेकाडावर बर्चची झाडं माझ्या खांद्याच्या वर गेलीत. ओढ्यात ट्राउट मासे आलेत. हे तुम्ही केलंत, आणि ते कुणी नाकारू नये. पण सगळं पहिल्या फटक्यात बरोबर केलंत असंही कुणी म्हणू नये. पूर्वेच्या उतारावर तुम्ही रोपं लावायला निघालात तेव्हा आम्ही बायकांनी सांगितलं होतं, तिकडे वारा लागतो, आमची धुणी त्या बाजूनं उडून जायची. तुमच्याकडे नकाशा होता. मार्चमध्ये चारशे रोपं झोपलेली सापडली. मग तुम्ही काय केलंत? गाडी वळवून घरी गेला नाहीत. या स्वयंपाकघरात आलात, टोपी काढलीत आणि म्हणालात, "मिसेस प्रॉसर, धुणी नक्की कुठल्या बाजूला उडायची?" त्या दिवशी मी तुम्हाला पहिल्यांदा चहात साखर किती ते विचारलं.

आणि त्याच आठवड्यात गावानं तुम्हाला नाव दिलं. सात वर्षं तुम्हाला कुणी सांगितलं नाही, आता तुम्ही जाताय, म्हणून आज मी सांगते. तुम्ही या गावात 'कॉलिन तत्त्वतः' आहात. हसा, हसा. कारण कुणी काहीही मागितलं की तुम्ही म्हणता, तत्त्वतः हरकत नाही. वाईट वाटून घेऊ नका. आधीचे तीन साहेब आले नि गेले, त्यांना आम्ही फक्त 'साहेब' म्हणत होतो. नाव मिळालं म्हणजे माणूस आमचा झाला.

आता याच नावांबद्दल बोलायचंय.

आमच्या खोऱ्यात आडनावं मोजून दहा-बारा, आणि पाळण्यातली नावं त्याहून कमी. एका गल्लीत चार डेव्हिड डेव्हिस. म्हणून माणूस ओळखायचा तो गावानं दिलेल्या नावानं. पोस्टमनही तेच वापरतो. बाप्तिस्म्याच्या वहीतलं नाव लग्नात एकदा आणि अंत्यविधीत एकदा ऐकू येतं. मधलं सगळं आयुष्य दुसऱ्या नावानं काढायचं.

आता कॉलिनसाहेबांच्याच योजनेतून टेकाडाखालच्या तळ्याकाठी स्मारक बसतंय. ऐंशी वर्षांपूर्वीच्या स्फोटात गेलेल्या एकोणीस जणांचं. नावं घेतली ती कंपनीच्या जुन्या नोंदवहीतून. वहीत थॉमस रीस तीन, म्हणून दगडावर थॉमस रीस तीन. वही बरोबर आहे. पण वहीत ती माणसं नाहीत.

त्यातला एक माझ्या आईचा बाप. माझी आई, ऑल्वेन, तिसऱ्या रांगेत बसलीये. वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांनी आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. गेल्या महिन्यात मी तिला पाथरवट एल्फेडच्या अंगणात नेलं. दगड तिथे आडवा ठेवलाय. तिनं बोटं फिरवली. अक्षरं खोल कोरलीत, छान कोरलीत, एल्फेड, तुला नावं ठेवत नाही. पहिल्या थॉमस रीसवर बोट थांबलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. मग ती मला म्हणाली, "मेन्ना, यातला माझा कुठला गं?"

एल्फेड म्हणाला, "वहीत होते त्या क्रमानं आहेत." आई म्हणाली, "मला वहीची गरज नाही रे, मला बाप पाहिजे."

हो आई, तुझंच सांगतेय. ऐकू येतंय सगळ्यांना, हळू बोल.

समितीत मी विषय काढला. प्रत्येक नावाखाली गावानं दिलेलं नाव बारीक अक्षरात कोरा, एवढंच. मतं निम्मी-निम्मी पडली. अध्यक्षांनी आपलं मत विरोधात टाकलं आणि म्हणाले, "हे स्मारक आहे, गुत्त्यातल्या गप्पा नव्हेत. मेलेल्या माणसाची टिंगल दगडावर शोभत नाही."

टिंगल? मग ऐका. स्फोट झाला त्या दिवशी खाणीच्या फाटकावर काय झालं ते ऐका.

सकाळची पाळी खाली होती. अख्खं गाव फाटकावर. मॅनेजर त्याच उन्हाळ्यात बाहेरून आलेला. दुपारी पहिलं प्रेत वर आलं, चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. कमरेच्या पितळी बिल्ल्यावर नंबर होता. मॅनेजरनं नंबर यादीत बघितला आणि फाटकावर येऊन वाचलं, "थॉमस रीस."

तीन बायका पुढे झाल्या.

मॅनेजरनं पुन्हा यादी वाचली. "थॉमस रीस," पुन्हा तेच. बायकांनी विचारलं, "अहो, कुठला?" तो म्हणाला, "मला एवढंच दिलंय." खाली उतरणाऱ्यांना दिवे आणि बिल्ले देणारा, दिव्यांच्या खोलीतला म्हातारा कुठला नंबर कुणाचा ते जाणत होता, पण तो बचावाच्या लोकांबरोबर खाली गेलेला. दोन तास. तीन बायका एकमेकींच्या शेजारी, फाटकाचे गज धरून, दोन तास उभ्या. मग म्हातारा वर आला, टोपी काढली आणि एकच शब्द बोलला, "आमेन."

पाद्रीसाहेबांना वाटेल, प्रार्थना केली. नाही. थॉमसचा टॉम, आणि गावाचा टॉम आमेन. चॅपलमध्ये प्रार्थना संपायच्या आधीच आमेन म्हणून मोकळा व्हायचा तो. त्या एका शब्दानं एक बाई खाली बसली आणि दोघी उभ्या राहिल्या. त्या दोघींचेही नवरे रात्र व्हायच्या आत गेले, ते वेगळं. पण कुणाचं माणूस कुठलं, हे त्या दिवशी त्या गावच्या नावानं सांगितलं. वहीनं सांगितलं नाही.

उरलेल्या दोघींमधली एक माझी आजी, ग्वेन. तिचा नवरा टॉम उद्या. काहीही सांगा, उद्या करतो म्हणायचा. मागच्या दाराची कडी तुटली होती, ती वर्षभर दोरीनं बांधलेली. तो गेल्यावर आजीनं ती कडी कुणाला लावू दिली नाही. मी सुद्धा ती दोरी सोडून अंगणात खेळायला गेलेय.

आणि आजीनं मरायच्या आधी माझ्या आईला एक गोष्ट सांगितली. ते दोन तास तिनं फाटकावर देवाकडे मागितलं की हा माझा नसू दे, या दोघींतल्या एकीचा असू दे. देवानं ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती त्या दोघींच्या नजरेला नजर देऊ शकली नाही. बाजारात त्या दिसल्या की दुसऱ्या गल्लीत वळायची. समोरासमोर घरं, आणि चाळीस वर्षं बोलणं नाही. गावाला वाटलं, भांडण असेल.

आता अध्यक्षांना नाही, एमरिसला बोलते. आपण एका गल्लीत वाढलो. तीनदा तुझ्या दाराशी आले, तीनदा तू म्हणालास की समितीत झालं ते झालं. म्हणून इथे, सगळ्यांसमोर.

एमरिस, तिसरा थॉमस रीस तुझा आजोबा. टॉम कोंबडी. आधीच्या मॅनेजरच्या बंगल्यातून कोंबडी चोरली म्हणून चौदा दिवस तुरुंगात गेला, हे गावाला ठाऊक आहे. शाळेत पोरं तुला पंखांसारखे हात हलवून चिडवायची, हेही मला ठाऊक आहे. चिडवणाऱ्यांत मीही होते. त्याबद्दल आज माफी मागते. म्हणून तुला ते नाव दगडावर नको, मला समजतं. दुसऱ्या कुणाला दोष का द्यावा, मलाही नको वाटलं असतं.

पण कोंबडी गेली कुठे, हे तुला कुणी सांगितलं?

स्फोटाआधीच्या हिवाळ्यात खाण आठवड्यातून दोन दिवस चालायची. माझी आई तीन वर्षांची, छातीत कफ, अंगात ताप, डॉक्टर म्हणाला पोटात काहीतरी ताकदीचं जाऊ द्या. घरात बटाटे होते. टॉम उद्या म्हणाला, उद्या बघतो. तुझा आजोबा समोरच्या घरात राहायचा. तो काही म्हणाला नाही. रात्री मागच्या दारानं आला, कोटाखाली कोंबडी. आजीला म्हणाला, "ग्वेन, पिसं जाळून टाक, आणि कोर्टात माझं काहीही होवो, तू तोंड उघडायचं नाहीस. तुझ्या नवऱ्याचं काम जाईल." पकडला गेला तेव्हा जजनं विचारलं, कोंबडीचं काय केलं? तर म्हणे, "खाल्ली." कुणी खाल्ली ते सांगितलं नाही. चौदा दिवस.

ते सूप माझी आई प्यायली. ती इथे बसलीये. मी इथे उभी आहे.

मग आजीनं हे आधी का नाही सांगितलं? सांगणार होती. पण वर्षभरात तो स्फोट झाला, आणि ज्या बाईचा नवरा मेला असू दे म्हणून तिनं देवाला साकडं घातलं, तिच्या दारात जाऊन 'तुझ्या नवऱ्यानं माझी मुलगी वाचवली' हे कुठल्या तोंडानं सांगणार? तिनं ते पोटात ठेवलं. आईलाही शेवटच्या आजारात सांगितलं, तेही कुणाला न सांगण्याची शपथ घालून. आईनं शपथ गेल्या महिन्यात मोडली, तो दगड चाचपून आल्यावर. घरी आल्यावर चहा घेतला नाही. म्हणाली, "एमरिसला सांग. त्याला वाटतं, त्याचा आजोबा चोर होता."

एमरिस, पाणी पी. पाद्रीसाहेब, जरा द्या त्याला.

मला काय म्हणायचंय, कॉलिनसाहेब? तुम्ही आम्हाला हिरवा डोंगर दिलात. माझी नात त्याच्यावर लोळते आणि तिचे कपडे पांढरे राहतात. हे चांगलंच आहे. पण काळं होतं तोवर विसरायची सोय नव्हती, खिडकी उघडली की समोर. आता हिरवं झालंय, आता आठवण आपल्याला सांभाळावी लागणार. नातीनं उद्या विचारलं, हे कोण, तर मी तिला वही दाखवू? मला तिला टॉम कोंबडी दाखवायचाय. तिला विचारू दे, असलं कसलं नाव? विचारलं की सांगता येतं. थॉमस रीस वाचून कुणी काहीही विचारत नाही.

आता कामाचं. एल्फेडनं मोजलंय, प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरात एक शब्द बसतो. टॉम आमेनच्या घरी आणि उरलेल्या सोळा घरांत मी आणि आई स्वतः जाऊन आलो. सगळ्यांनी होकार दिला, तीन घरांनी चहा पाजून दिला. एकच होकार राहिलाय. शुक्रवारी सकाळी क्रेन येते आणि दगड उभा राहतो, मग कोरणं नाही. बदल करायला कॉलिनसाहेबांची सही लागते, आणि शुक्रवारी संध्याकाळी ते कायमचे जाणार. त्यांच्या जागी कुणी येणार नाही, ऑफिसच बंद होतंय. श्रीमती लॉइड, तुम्ही मान हलवलीत, म्हणजे मी खोटं बोलत नाहीये.

कॉलिनसाहेब, तुम्ही आमच्या गावाला उजेड दिलात, त्याबद्दल नांतहेलिगच्या सगळ्या बायकांतर्फे तुमचे मनापासून आभार. ही शाल माझ्या आईनं न बघता विणलीये, एखादा टाका सुटला असेल तर समजून घ्या. मंडळींनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचेही आभार. मला बोलायची सवय नाही, अध्यक्षांसमोर बोलायची तर नाहीच नाही. काही कमी-जास्त बोलून गेले असेन, कुणाच्या घरचं उघड्यावर आणलं असेन, तर पोटात घाला.

पण एमरिस, उत्तर पोटात ठेवू नकोस. पोटात ठेवणं आमच्या घरात ऐंशी वर्षं करून झालंय. गुरुवारी, अठरा तारखेला, दुपारी बाराच्या आत एल्फेडच्या अंगणात ये. आई तिथे दगडाशेजारी बसलेली असेल. हो की नाही, ते तिला तोंडानं सांग. तिला दिसत नाही, मान हलवून चालणार नाही.