अर्धा तास पुढचा कॉम्प्युटर

अबे, त्या दिवशी कॉम्प्युटरनं आमचा जीवच घेतला होता. पोरीची नोकरीची मुलाखत ऑनलाइन होती. त्यासाठी एक अ‍ॅप टाकाचं होतं, अन् स्टोअरच उघडून नाई राह्यलं. बंद करून चालू केलं, नेट बदललं, तरी तेच, "पुन्हा प्रयत्न करा." पोरगी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातला टाइम पाहून रडकुंडीले आली. "पप्पा, दहाच मिनिटं राह्यली!"

बोरगाव मेघेले माहा साळा राह्यते, त्याले फोन लावला. तो म्हणे, "भाऊजी, टाइम चुकीचा असला तं स्टोअर उघडत नाई. कॉम्प्युटरचा टाइम मोबाइलशी जुळते का?"

पाह्यलं तं कॉम्प्युटर अर्धा तास पुढं! मागून आमचे बाबा म्हणे, "मीच केला. वर्ध्याची बस चुकू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ पुढं ठेवतो ना आपण, मंग हेच काऊन मागं ठेवाचं?"

टाइम बरोबर केला, तसं स्टोअर उघडलं, अ‍ॅपही आलं. अन् मुलाखतीले अजून चांगला अर्धा तास बाकी! पोरगी हासाले लागली. मी बाबाले बोलाले तोंड उघडलं, तं तेच म्हणे, "पाह्य, पुढं ठेवलं म्हणून वेळेवर झालं!"