मायनस गुणिले मायनस

त्या ट्रेनिंगचं नाव काढू नका, डोकं सणकतं माझं! मी इतिहासाची बाई. आमचे गणिताचे सर रिटायर झाले, नवीन कुणी आलंच नाही. मग नववीचं गणित माझ्या गळ्यात मारलं आणि मला माढ्याहून सोलापूरला प्रशिक्षणाला धाडलं. तिथं सकाळभर टाळ्या वाजवायचे खेळ, मग बॅनरपुढं फोटो. शेवटी मीच उठले.

“सर, मायनसला मायनसनं गुणलं की प्लस का होतं? पोरं विचारतात, मला सांगता येत नाही.”

प्रशिक्षण देणारे साहेब हसले. “मॅडम, एवढंच ना? तुमच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना विचारा की!”

मी ओरडलेच, “अहो, ते शिक्षक आता मीच हाय! मी कुणाला विचारू?”