विहंगला पैंजण

बडोद्याच्या इस्पितळात, लहान मुलांच्या हृदयविकार विभागाबाहेर, माझ्यामागच्या बाकावर दोघीजणी लेकरं घेऊन बसल्या होत्या.

“ताई, रक्तवाहिनीनं विहंगची श्वासनलिका दाबली होती. ऑपरेशन झालं, पण गळ्यात ही नळी बसवलीय. रडला तरी आवाज येत नाही. मी ओट्यापाशी असले तर कळणार कसं?”

“पैंजण घाल. आमच्या अवनीलाही नळी होती, रडायला लागली की पाय झाडायची. मी धावायचे.”

“पण हा मुलगा आहे.”

“मग? पाय आहेत ना त्याला?”

“सासूबाई काय म्हणतील?”

“त्यांनाच आणायला सांग, भरपूर घुंगरांचे.”

“अवनीची नळी कधी निघाली?”

“दिवाळीत.”

“तरी पैंजण आहेतच की!”

“काढू कुठं देते, बेन? हात लावला की अख्खी सोसायटी गोळा होईल एवढी ओरडते.”